भाडेकरूच्या वडिलांना केलेला फोन

आधी प्रज्ञाचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. प्रज्ञा नागपूरची. इथे जर्मनीत टेक्निकल युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर पीएच.डी. करते. माझ्या लेकीची मैत्रीण. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. तिने मला जे समजावलं ते समजावताना ती एकदाही हसली नाही, घड्याळही बघितलं नाही. या लेखात बाकी कोणाचं नाव येणार नाही. तिचंही टाळणार होतो, पण "लिहा काका, मला कोण काय करतंय," असं तीच म्हणाली.

आता घटना. तो गुरुवार अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी महाराष्ट्र पोलिसांत शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तेहतीस वर्षांत बऱ्याच तपासांत होतो, पण हा तपास कोणत्याही ठाण्याच्या डायरीत नाही. तो निवृत्तीनंतरचा आहे, आणि त्यात चूक करणारा मीच आहे.

लेक आणि जावई एश्बॉर्नला राहतात. फ्रँकफुर्टला लागून असलेलं गाव, काचेची ऑफिसं आणि शहरात जाणारी एस-बान, म्हणजे इथली लोकल. आम्ही नवरा-बायको तीन-तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन-जाऊन असतो. व्हिसावर आलेल्या माणसाला कायम एक धास्ती असते. आपल्या हातून काही चुकेल आणि लेकीला भोगावं लागेल. रस्ता ओलांडताना समोर एक गाडी नसली तरी मी हिरव्या दिव्याची वाट बघतो.

लेकीने एक खोली पोटभाड्याने दिली होती. पंचविशीची मुलगी, शिकायला आलेली. तिच्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिचे आईवडील अजून तिथेच आहेत. एवढंच सांगतो की त्या देशात सरकार इंटरनेट चाळून देतं. बाहेरच्या बातम्या, मेसेजची अ‍ॅप, व्हिडिओ कॉल, सगळ्यावर बंदी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं असतं तर पुढचं टळलं असतं.

खबर दिली ती आमच्या सौभाग्यवतींनी.

"अहो, ऐकताय का? त्या पोरीकडे दोन फोन आहेत."

"असतील. हल्ली सगळ्यांकडे असतात."

"दुसरा मोज्यांच्या खणात ठेवते. आणि बोलून झालं की त्यातलं काहीतरी पुसते. मी दोनदा बघितलं."

"तू तिच्या खोलीत कशाला गेलीस?"

"गेले नाही. दार उघडं होतं. तुमच्यासारखी पाळत ठेवायला नाही शिकले मी, पण डोळे आहेत ना."

मी चार दिवस लक्ष ठेवलं. ती रोज दुपारी तीनच्या सुमाराला फोन काढायची. आधी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी बघायची, मगच बोलायची. दहा मिनिटं, कधी त्याहून कमी. भाषा कळत नव्हती, पण सूर कळतो. घरच्यांशी बोलणारं माणूस मध्येच हसतं, चिडतं, तेच तेच परत सांगतं. ही मोजून बोलायची. झालं की अंगठ्याने पुसायची आणि फोन खणात. माझ्या अनुभवात असं दोनच प्रकारची माणसं करतात. एक, चोरीच्या मालाचा धंदा करणारी आणि दुसरी, फसवणूक करणारी. घाबरलेली माणसंही असंच करतात, हे माझ्या यादीतच नव्हतं.

लेकीला विचारलं, "हिची पडताळणी केलीस का?"

"बाबा, तिचं आनमेल्डुंग झालंय. पालिकेत पत्ता नोंदवलाय. इथे तेवढंच लागतं."

"तिने सांगितला तोच पत्ता नोंदवला ना? मूळ गावी कोण बघून आलं?"

"बाबा, प्लीज. ही कोल्हापूरची बीट चौकी नाहीये."

आपल्याकडे भाडेकरू ठेवला की घरमालक ठाण्यात अर्ज देतो. फोटो, मूळ पत्ता, ओळखीच्या माणसाचा नंबर. त्या नंबरवर फोन लावायचा, "पोलीस स्टेशनमधून बोलतोय" म्हणायचं, आणि समोरचा काय बोलतो त्यापेक्षा किती वेळाने बोलतो ते ऐकायचं. असे फोन मी शेकड्यांनी केलेत. त्यातून दोन फरारी सापडलेही. त्यामुळे हा हात आपोआप चालतो.

बुधवारी लेक-जावई कामावर असताना मी त्या मुलीला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. तिचं तोंड खिडकीकडे, माझी पाठ. हातात चहाचा कप दिला. कप धरलेल्या माणसाला हात लपवता येत नाहीत. आधी इकडचं-तिकडचं विचारलं, कॉलेज, थंडी, जेवण. आमचं दोघांचं इंग्रजी सारखंच तोडकं, त्यामुळे निभावलं.

मग विचारलं, "दुसरा फोन कोणासाठी?"

"वडिलांसाठी, अंकल."

"मग पहिल्यावरून का नाही बोलत?"

"तिकडे फोन कठीण आहे."

"कठीण म्हणजे काय?"

तिने दाराकडे बघितलं. घरात माझ्याशिवाय आणि बायकोशिवाय कोणी नव्हतं, तरी बघितलं. "मी नाही सांगू शकत. प्लीज, अंकल."

कप बशीवर वाजला. मी मनातल्या मनात जबाब लिहून टाकला: समाधानकारक उत्तर देत नाही.

गुरुवारी दुपारी मी लेकीच्या कपाटातली भाड्याच्या कागदांची फाईल काढली. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, त्या रकान्यात वडिलांचा नंबर होता. घरच्या साध्या फोनवरून लावला.

पलीकडे म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी इंग्रजीत म्हणालो, "पोलीस ऑफिसर बोलतोय. जर्मनीतून. तुमच्या मुलीबद्दल चौकशी आहे."

'निवृत्त' हा शब्द मी घातला नाही. 'भारत' हाही नाही. मुद्दाम नाही, सवयीने. तेहतीस वर्षं फोनवर हेच वाक्य बोललो होतो, फक्त गावाचं नाव बदललं.

पलीकडे श्वास ऐकू आला. बराच वेळ. मग "राँग नंबर", आणि फोन बंद.

मी बायकोला म्हणालो, "बघ. नंबर खोटा दिलाय."

शनिवारी प्रज्ञा जेवायला आली. दर शनिवारी येते. "जय भीम काका. काकू, वास पिठल्याचा आहे ना? मी दोन भाकरी जास्त खाणार, आधीच सांगून ठेवते." ताटं मांडली होती. तेवढ्यात ती मुलगी तिच्या खोलीतून बाहेर आली. तो दुसरा फोन हातात उघडाच होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि लेकीला विचारलं, "माझ्या वडिलांना कोणी फोन केला?"

तिच्या आईचा निरोप आला होता. जर्मन पोलिसांचा फोन आला, तू जिवंत आहेस का, तुला अटक झाली का? आणि पुढचं वाक्य: आज दोन माणसं घरी येऊन गेली. बाबांना मंगळवारी कचेरीत बोलावलंय, फोन घेऊन या म्हणालेत.

लेकीने माझ्याकडे बघितलं. पोलिसाच्या घरात वाढलेली मुलगी आहे, तिला विचारावं लागलं नाही.

"मी केला," मी म्हणालो.

ती मुलगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि तिच्या भाषेत हळूहळू काहीतरी बोलत राहिली. बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या पोरी रडवल्या. आता घरातली राहिली होती."

मी म्हणालो, "पण फोनच तर केला. फोनने काय होतं?"

तेव्हा प्रज्ञाने ताट बाजूला सारलं. "आल्झो, म्हणजे हे बघा, काका. नीट सांगते. तुम्ही पोलिसात होतात, तुम्हाला लवकर कळेल. समजा, पोस्टात सगळी पत्रं फोडून वाचतात. मग तुम्ही काय कराल?"

"लिहिणारच नाही."

"आणि मुलगी परदेशात असेल तर?"

"मग लिहावंच लागेल."

"मग तुम्ही पत्र एका पाकिटात घालाल, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि वरच्या पाकिटावर तिसऱ्याच देशातल्या ओळखीच्या माणसाचा पत्ता. तो माणूस वरचं पाकीट फोडून आतलं पुढे पाठवणार. पोस्टाला आतलं वाचता येत नाही. याला व्हीपीएन म्हणतात. हिचे बाबा घरी तेच वापरतात. कळलं?"

"मग ती दहाच मिनिटं का बोलते?"

"कारण पोस्टमनला पत्र वाचता आलं नाही, तरी तुम्ही रोज तशी पाकिटं टाकता हे दिसतं. दिवसभर टाकली की नजरेत येतं. म्हणून थोडा वेळ चालू करायचं, काम झालं की बंद. अ‍ॅप फोनवर समोर ठेवायचं नाही. शेजाऱ्याला सांगायचं नाही. वरच्या कोपऱ्यात छोटी किल्ली दिसते, म्हणजे पाकीट बंद झालं, ती दिसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि झालं की पुसायचं, कारण तिकडे रस्त्यात कोणीही थांबवून फोन मागू शकतं. त्याच सवयीने ही इथेही तसंच करते."

"आणि मी…"

"तुम्ही उघड्या पोस्टकार्डावर लिहिलंत, काका. त्यावर दोनच शब्द मोठे होते. पोलीस आणि जर्मनी."

रस्त्यात थांबवून फोन मागणारा माणूस म्हणजे कोण, ते मला तिने सांगायची गरज नव्हती. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या भागात दंगलीमुळे काही दिवस नेट बंद होतं. नाकाबंदीवर वरून तोंडी सांगणं होतं की पोरांचे मोबाईल बघा. मी बघितले. मला व्हीपीएन कळत नव्हतं, पण माणूस कळत होता. मोबाईल द्यायला उशीर करणारा बाजूला. आणि ज्याचा मोबाईल अगदी रिकामा, ना फोटो ना मेसेज, तो आधी बाजूला. एका पोराची कॉलर धरून मी त्याला व्हॅनमध्ये बसवलं होतं. त्याच्या मोबाईलमध्ये काही नव्हतं म्हणून. पुढे त्याचं काय झालं, मी विचारलं नाही.

ती मुलगी प्रज्ञाला विचारत होती, "बाबांना सांगू का, सगळा फोन पुसून टाका?"

"नको," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. आता बुधवारची बाजू उलटी झाली होती. माझं तोंड खिडकीकडे होतं.

"तुमचं का ऐकू?" ती म्हणाली. "तुम्ही पोलीस आहात."

"पोलीस आहे म्हणूनच सांगतोय. रिकामा फोन घेऊन गेले तर त्यांना बसवून ठेवतील. तेवढं एक अ‍ॅप काढायचं, तुझ्याशी झालेलं बोलणं काढायचं. आजच काढायचं, मंगळवारी सकाळी नाही. बाकी सगळं राहू दे. लग्नाचे फोटो, भावाशी झालेलं भांडण, औषधाच्या चिठ्ठ्या. फोन वापरलेला दिसला पाहिजे."

"आणि कोणी फोन केला असं सांगायचं? त्यांना माहीतच नाही."

इथे सगळं अडत होतं. वडील एक सांगतील, आई दुसरं, आणि ज्यांनी बोलावलंय त्यांना तेच हवं असतं. प्रज्ञाचं म्हणणं, आता काही पाठवू नका, गप्प राहा, वादळ जाईल. मी पहिल्यांदाच तिच्याशी वाद घातला.

"पोरी, तुला नेटवर्क माहीत, मला कचेरी माहीत. तिथल्या माणसाने फाईल उघडलीय. फाईल बंद करायला त्याला कागद लागतो. कागद मिळाला की तोही सुटतो आणि समोरचाही. कागद नसला की माणसाला बसवून ठेवतात, कागद तयार होईपर्यंत. मी हेच केलंय."

"कसला कागद?"

"खरा कागद. मी लिहितो. मी भारतातला निवृत्त पोलीस. लेकीच्या घरात भाडेकरू आहे. आमच्याकडे भाडेकरूच्या घरी फोन करून खातरजमा करतात, त्या सवयीने केला. जर्मन पोलिसांशी संबंध नाही. चूक झाली, माफी असावी. खाली सही, सोबत माझ्या निवृत्तीच्या ओळखपत्राची प्रत. आणि हे त्या चोरवाटेने नाही पाठवायचं. उघड, साध्या ईमेलवर, मुलीच्या वडिलांना. वाचणारे वाचू देत. वाचलंच पाहिजे त्यांनी."

प्रज्ञाने टेबलावर बोटाने दोन रेघा ओढल्या. मग म्हणाली, "म्हणजे बाबांना तयारीचं आतल्या वाटेने सांगायचं, आणि खुलासा मोठ्या रस्त्याने."

"तसंच."

"काका, तुम्ही चुकीच्या बाजूला नोकरी केलीत."

निर्णय त्या मुलीचा होता. वडील तिचे, धोका त्यांना. ती उठून खोलीत गेली. आम्ही बाकीचे थंड पिठल्याकडे बघत बसलो. वीस मिनिटांनी ती परत आली आणि एकच वाक्य बोलली, "लिहा."

मी लिहिलं, लेकीने टाईप केलं. ती माझं इंग्रजी सुधारायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. फार शुद्ध पत्र वकिलाने लिहिल्यासारखं दिसतं. चुकांसकट गेलं. त्याआधी त्या मुलीने आईच्या फोनवर शेवटचा निरोप पाठवला: फोन कोणाचा होता, काय काढायचं, काय ठेवायचं, आणि ईमेलमध्ये आहे तेवढंच बोलायचं, कारण तेच खरं आहे. आईनेही तिचं अ‍ॅप काढून टाकायचं होतं. म्हणजे यापुढे आतली वाट बंद. ती बंद करताना तिने स्क्रीनकडे बघितलं ते माझ्याच्याने बघवलं नाही. मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

मंगळवार गेला. बुधवार गेला. काहीच नाही.

ठाण्यात आरोपीचे नातेवाईक फाटकाशी बसलेले असतात. आम्ही जाता-येता म्हणायचो, "अहो, घरी जा, काही होत नाही." एवढ्या सहज म्हणायचो! आता मीच स्वयंपाकघर ते बाल्कनी फेऱ्या मारत होतो. कोणाचाही फोन वाजला की धावत आत यायचो. आपल्याला परत पाठवतील, लेकीच्या नोकरीवर येईल, असले विचार यायचे, आणि लगेच लाज वाटायची, की तिकडे एक म्हातारा कचेरीत बसलाय आणि मी माझ्या व्हिसाचं बघतोय. बायको माझ्याशी लेकीमार्फत बोलत होती. "तुझ्या बाबांना सांग, गोळी घ्या." ती मुलगी कॉलेजला जायची, यायची, दार लावून घ्यायची. तीन वाजता सवयीने खण उघडल्याचा आवाज यायचा. मग बंद केल्याचा.

प्रज्ञा रोज संध्याकाळी एस-बानने यायची. तिच्याकडेही सांगण्यासारखं काही नसायचं. त्या मुलीजवळ बसायची, मग माझ्याजवळ. एकदा मी म्हणालो, "पत्र पाठवून मी दुसरी चूक तर नाही ना केली?" ती म्हणाली, "माहीत नाही, काका." खोटा धीर दिला नाही. मला ते फार लागलं आणि त्याचाच आधारही वाटला.

शुक्रवारी दुपारी त्या मुलीच्या पहिल्या, साध्या फोनवर आईचा साधा फोन आला. ऐकणाऱ्यांनी खुशाल ऐकावा असा. आई म्हणाली, इकडे हवा बरी आहे, बाबा सकाळपासून बागेत आहेत, टोमॅटोला पाणी घालतायत. तेवढंच. फोन ठेवून ती मुलगी स्वयंपाकघरात आली, बायकोच्या गळ्यात पडली आणि मग पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी दारात उभा होतो. मला मिठी मारली नाही, आणि ते बरोबरच होतं.

तपशील पुढे महिन्याभराने, त्यांच्या एका नातेवाइकाकडून कळले. वडिलांना दोन दिवस बसवून ठेवलं. माझं पत्र त्यांच्या आधी टेबलावर पोचलं होतं, छापून. साहेबाने ते मोठ्याने वाचलं, इंग्रजीला हसला आणि विचारलं, "भारतात खोली भाड्याने द्यायलाही पोलीस लागतात?" वडील म्हणाले, "असं दिसतंय." लग्नाचे फोटो बघितले, भावाशी झालेलं भांडण वाचलं. माणसाला सोडलं, फोन ठेवून घेतला. अजून परत दिलेला नाही. म्हणजे बाप-लेकीचं दुपारी तीनचं बोलणं माझ्या फोननंतर संपलं ते संपलंच. साध्या फोनवर हवापाण्याचं बोलतात. त्या मुलीने पुढे फ्रँकफुर्टमध्ये दुसरी खोली बघितली. जाताना मला "बाय अंकल" म्हणाली. त्यात राग नव्हता, पण सावधपणा होता.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. लपवणाऱ्या माणसाकडे बघून मी आयुष्यभर विचारत आलो की याने काय केलंय. हा कोणाला घाबरतोय, असं एकदाही विचारलं नाही. आणि फोन लावताना पलीकडे कोण आहे ते बघायचो, मधे कोण ऐकतंय ते नाही. कारण नोकरीभर मधे ऐकणारे आम्हीच होतो.

राहिली प्रज्ञा. तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक प्रकरण असं आहे की रस्त्यावरचा पोलीस प्रत्यक्षात फोन कसा तपासतो, काय बघून माणूस बाजूला काढतो. पुस्तकात ते मिळत नाही. त्या सगळ्या गडबडीनंतर तिने मला विचारलं होतं, "काका, तुम्ही सांगाल? रेकॉर्ड करून?" मी टाळलं. पेन्शन आहे, जुने साहेब आहेत, कोण काय म्हणेल, अशी कारणं दिली. तिने पुन्हा विचारलं नाही. शनिवारी येते, भाकरी खाते, जाते.

आजही धीर होत नाही, हे खरं सांगतो. पण एक दिवस होईल. त्या दिवशी मीच तिला बोलावून घेईन आणि बसून सगळं सांगेन, नाकाबंदीवरच्या त्या पोराच्या कॉलरसकट, माझ्या नावासकट, बक्कल नंबरासकट. तिचं माझ्यावर जे ऋण आहे ते फेडायला माझ्याकडे तेवढंच आहे, आणि ते मी देणार.